मोह पडतो तेव्हा सभा ठेवू नका : गडचिरोलीत वनहक्काच्या कामावर येणाऱ्यांसाठी

माझी पहिली ग्रामसभा मार्चमध्ये होती. सकाळी दहाची वेळ, विषयपत्रिका छापून नेलेली, सतरंज्या अंथरलेल्या. सव्वाअकरापर्यंत आले ते वनहक्क समितीचे अध्यक्ष, दोन म्हातारे आणि एक कुत्रं. बाकी गाव मोहाच्या झाडांखाली. फुलं पहाटेपासून गळतात, ऊन चढायच्या आत वेचायची आणि मग अंगणात वाळत घालायची. वर्षाच्या मीठ-मिरचीचा पैसा त्यातून येतो. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "मोह पडते तवा सभा कोन ठेवते, मॅडम?"

मी ठेवली होती, कारण आढावा बैठकीला 31 मार्चच्या आत आकडा हवा होता. सरकारचं वर्ष संपतं तेव्हाच गावाचं वर्ष भरात येतं. या दोन वर्षांच्या मधे उभं राहायचं, त्याचाच पगार माझ्यासारख्या वनहक्क समन्वयकाला मिळतो. तोही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आणि कधीकधी दोन महिने उशिरा.

मी सांगलीची. एमएसडब्ल्यू झाल्यावर इथं आले तेव्हा जंगलात राहणाऱ्यांना तिथल्या जमिनीचे आणि वनाचे हक्क देणारा 2006 चा वनहक्क कायदा पाठ होता आणि गोंडीतला एक शब्द येत नव्हता. वैयक्तिक दावा म्हणजे कसत असलेली जमीन, एवढं सगळ्यांना कळतं. सामूहिक वनहक्कात मात्र गाव पारंपरिकरीत्या जपत आलेल्या जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे येतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर असा हक्क मिळाला, मर्दा गावालाही त्याच वेळी. पण कागद मिळाला म्हणून बांबू विकता आला असं नाही. वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 2012 च्या सुधारित नियमांत परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. आज जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक हक्क आहेत. 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचं राज, ही घोषणा भिंतीवर वाचाल तेव्हा ती या परवान्याच्या पुस्तकासकट वाचा.

आता कामाचं. असा सामूहिक दावा नमुना 'क'मध्ये भरतात, सोबत नकाशा आणि एकाहून जास्त पुरावे. निस्तार पत्रक, म्हणजे गावाला जंगलातून काय घेता येतं याची जुनी सरकारी नोंद, सापडलं तर सोनं. म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही कायद्याने पुरावाच आहे, कोणी नाक मुरडलं तर वनहक्क नियमांतला नियम 13 उघडून दाखवा. सभेला ग्रामसभेच्या निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. हे गणित सकाळी दहाला कधीच जुळत नाही. संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर, गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामूहिक घरासमोर, जुळतं. बाया मागे बसतात आणि बोलत नाहीत असं वाटेल. जळणाच्या वाटेचा विषय काढा, मग बघा.

हद्दीची फेरी मात्र घाईत उरकू नका. मी जीपीएस घेऊन पुढे आणि आजोबा मागे, अशी सुरुवात केली होती. तासाभरात क्रम उलटला. बांबूच्या रांजीत, म्हणजे दाट बेटात, यंत्राला उपग्रह सापडेना. आजोबा एका दगडांच्या ढिगापाशी थांबले. येणारा-जाणारा तिथं एक दगड ठेवतो, त्यांनीही ठेवला, मलाही एक उचलून दिला. "इथून त्यायचा देव," म्हणाले. त्यायचा म्हणजे शेजारच्या गावाचा. पुढे एक नाला लागला. वनखात्याच्या नकाशात त्याचं नाव वेगळं, गावाच्या तोंडी वेगळं. मी खात्याचं नाव लिहिलं, कारण छापील होतं. ही चूक पुढे महागात पडली.

फेरीला शेजारच्या गावांची माणसं आणि वनरक्षक, दोघं हवेत. गार्डला टाळलंत तर तो दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत हरकत बनून भेटतो. बरोबर नेलंत, दुपारी पेज प्यायला बसलात, तर बहुतेक वेळा तोच सांगतो की कंपार्टमेंटची, म्हणजे वनखात्याने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याची, रेघ नेमकी कुठं आहे. दाव्यात त्रुटी असेल तर तो ग्रामसभेकडे परत यायला हवा. 'अमान्य' असा कोरडा शेरा आला तर तोंडी भांडू नका, लेखी कारण मागा आणि पोच घ्या. अर्ध्या नोकरीत मी पोचच घेत होते.

हक्क मिळाल्यावर खरी भागीदारी सुरू होते, आणि खरी भांडणंही. व्यवस्थापन आराखडा, रोजगार हमीची कामं, आदिवासी विकासचा निधी, एकाच टेबलावर सात खाती. त्यात तेंदू, म्हणजे विडीची पानं. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक गोणी. लिलाव ग्रामसभा करते, भाव चढला की गाव खूश, आणि कंत्राटदाराने पैसे थकवले की तुमच्याकडे बोट. करारनामा, आगाऊ रक्कम आणि पॅन कार्ड हे हंगामाआधीच उरकून घ्या. तेंदू तोडावाच असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तो बंद केला, कारण पानासाठी झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात. त्यांनी भर बांबूवर दिला. सोपा पैसा सोडायचा ठराव कुठल्या खात्याच्या योजनेत बसतो, सांगा! मला तरी असा ठराव कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो.

आणि हो, तुम्ही वनहक्काची फाईल घेऊन गेलात तरी लोक मलेरियाच्या गोळ्या आणि बंद पडलेला हातपंप यांबद्दलच आधी विचारतील. "तो माझा विभाग नाही" हे वाक्य विसरा. आशाताईंचा नंबर जवळ ठेवा. मच्छरदाणी स्वतःची न्या, पावसाळ्यात नाले चढले की मुक्काम पडतोच.

त्या नाल्याचं राहिलं. नाव वेगळं पडल्यामुळे मंजूर झालेल्या हक्कपत्रात एका कंपार्टमेंटचा अर्धाच भाग आला, दगडांचा ढीग बाहेर राहिला. दुरुस्तीचा अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह दिला आहे, पोच जोडली आहे. माझं कंत्राट संपलं. माझ्या जागी तुम्ही येत असाल तर ती फाईल लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, हिरव्या दोरीने बांधलेली. आजोबांचा जबाब पान 14 वर.