सलग ड्यूट्यांनंतर दोन्ही पाय सुजायचे : माझा अनुभव

12 तासांच्या तीन ड्यूट्या सलग झाल्या की माझे दोन्ही घोटे सुजायचे. बोटाने दाबलं की खड्डा. पाणी कमी पिऊन पाहिलं, गरम पाण्यात पाय बुडवले, फरक शून्य. अक्षरशः रडू यायचं. किडनी, थायरॉईडचे रिपोर्ट नॉर्मल आले.

मग हे लागू पडलं. अंथरुणातून उठण्याआधी, सूज नसतानाच, 15-20 मिमी पारा दाबाचे (पाय घट्ट आवळून धरणारे, कॉम्प्रेशन) गुडघ्यापर्यंतचे मोजे चढवायचे. सूज आल्यावर घातले तर तितका उपयोग होत नाही. ड्यूटीत दर तासाला 20 वेळा टाचा उचलायच्या. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. घरी मोजे काढून पाय छातीपेक्षा उंच, 20 मिनिटं.

एकच पाय सुजून दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर थांबू नका, रक्ताची गुठळी असू शकते. लगेच दाखवा.