प्रोस्टेटची साइज कशी मोजतात आणि रिपोर्टमधला आकडा घरी कसा तपासायचा

अण्णांचे दोन रिपोर्ट, मधे जेमतेम दोन महिने, गोळी कुठलीच चालू नाही. पहिल्यात प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) ४९ सीसी, दुसऱ्यात ४०. घरात लगेच वाद सुरू, की कोणतं सेंटर खोटं.

खोटं कुणीच नाही हो. सोनोग्राफीत प्रोस्टेटची रुंदी, लांबी आणि पुढून मागची जाडी अशी तीन मापं घेतात, तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणतात. रिपोर्ट काढा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर घ्या, मापं सेंटिमीटरमध्ये धरा. ४.६ × ४.२ × ४.० × ०.५२ म्हणजे साधारण ४० सीसी. आता प्रत्येक माप फक्त ३ मिलिमीटर वाढवून बघा, ४९ येतात. पडद्यावर टिंब इकडचं तिकडे पडलं की एवढा फरक, म्हणून पुढच्या वेळी शक्यतो त्याच सेंटरला जा. सीसी आणि ग्रॅम जवळपास एकच धरतात, आणि नॉर्मल म्हणजे २०-२५.

आता तयारी. तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची, पण निघायच्या आधी फोन करून वेटिंग किती ते विचारा. आम्ही नाही विचारलं. अण्णा निफाडहून एसटीने नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरले, तिथेच बाटली संपवली, मग रिक्षाने गंगापूर रोड, प्रत्येक स्पीडब्रेकरला माझा हात घट्ट धरायचे, आणि तिथे पोचल्यावर पुढे अकरा नंबर. मूत्राशय असं तट्ट फुगलं की नंतर मोकळं नीट होत नाही, आणि "लघवीनंतर किती उरली" हा आकडा उगाच मोठा येतो. मला विचाराल तर साइजपेक्षा हाच आकडा आधी बघा. ५० मिलीच्या आत असेल तर सहसा काळजी नसते. त्यामुळे बाथरूमला जाऊन आल्यावरची दुसरी तपासणी घाईत सोडू नका, नीट झाली नाही असं वाटलं तर सांगा, परत जाऊन येतो म्हणून.

बाकीच्या पद्धती: डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात त्यात गाठ, कडकपणा कळतो, पण साइज अंदाजेच आणि बहुतेक वेळा कमीच वाटते. गुदद्वारातून प्रोब घालून केलेली सोनोग्राफी पोटावरच्यापेक्षा अचूक. एमआरआय त्याहून चांगला, पण महाग, नुसत्या साइजसाठी कुणी सांगत नाही.

मग साइज लागते कशाला? मोठी प्रोस्टेट म्हणजे त्रास जास्त असं नसतं, ३० सीसीवाला रात्री पाचदा उठतो आणि ७० वाला घोरत पडलेला असतो. पण गोळी कोणती, ऑपरेशन कोणत्या पद्धतीचं, हे साइज बघून ठरतं. शिवाय पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला करतात ती रक्ततपासणी, तिच्या आकड्याला सीसीने भागतात. पीएसए ६ आणि प्रोस्टेट ४० सीसी, तर ०.१५, आणि इथून वर गेलं की डॉक्टर जास्त खोलात जातात.

लघवी पूर्ण अडकली, किंवा रक्त नाहीतर थंडीताप आला, तर मात्र सोनोग्राफीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.