जुन्या बुलेटला वेगळी चाकं टाकताय? या चुका टाळा

आपल्याकडे गावोगाव एखादी जुनी बुलेट, येझदी नाहीतर राजदूत गोठ्याच्या आडोशाला उभी असतेच. पोरं ती बाहेर काढतात, टाकी घासतात, सीट कापतात आणि मग नजर जाते चाकांवर. भंगारातून कुठल्याशा नव्या गाडीची 17 इंची अलॉय येतात. गॅरेजवाला एक्सल (चाकाचा मधला दांडा) घालून पाहतो आणि म्हणतो, "बसते भाऊ, काई टेन्शन नाई." सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एक्सल आरपार गेला म्हणजे चाक जमलं असं नसतं.

सगळ्यात महागात पडते ती घाई. जुनं चाक खोलून कोपऱ्यात फेकायचं आणि मग मापं शोधत बसायचं, हे करूच नका. चाक गाडीवर असतानाच वहीत लिहून घ्या: दोन्ही शॉकअपमधलं अंतर, एक्सलची जाडी, टायरच्या मध्यापासून दोन्ही बाजूंचं अंतर, चेन स्प्रॉकेटची जागा. स्पोकचंच चाक नव्या रिमवर भरणार असाल, तर हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचं मापही घ्या. रिम हबच्या बरोबर मधोमध असतेच असं नाही. स्पोक कापून टाकल्यावर ते माप कुणीच सांगू शकत नाही.

उजव्या पायात गिअर असलेल्या जुन्या बुलेटची एक खोड आहे. तिचा मागचा ब्रेक ड्रम आणि स्प्रॉकेट एकाच तुकड्यात, डाव्या बाजूला. ब्रेकचा पायही डावीकडेच. आजच्या बहुतेक गाड्यांचा मागचा ब्रेक उजवीकडे असतो. तसं चाक टाकलं की ब्रेकची ओढ गाडीच्या आडवी पलीकडे न्यावी लागते. त्यासाठी जी वेल्डिंगची जोडाजोड होते, ती बघून अंगावर काटा येतो. मला विचाराल तर मागचा जुना हब ठेवा आणि रिम बदला.

आता कॉलर, म्हणजे एक्सलवर चाकाच्या बाजूची मोकळी जागा भरणारी जाड कडी. चाक सैल बसतं म्हणून वायसरवर वायसर चढवून जागा भरणारे पुष्कळ. वायसर दबतात, सरकतात, चाक एका बाजूला जातं. लेथवर एका तुकड्यात कॉलर काढून घ्या, खर्च फार नाही. त्याआधी सुतळी ताणून मागच्या टायरच्या दोन्ही कडांवरून पुढपर्यंत न्या. पुढचा टायर बारीक असतो, म्हणून सुतळी त्याला टेकणार नाही. दोन्ही बाजूंची फट सारखी आली पाहिजे. चेनही पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटवर एका रेषेत हवी. हात सैल सोडल्यावर गाडी एकीकडे ओढते किंवा चेन करकरते, तेव्हा बहुतेकदा दोष इथेच सापडतो.

एक्सल बेअरिंगमध्ये सैल असेल तर पत्रा गुंडाळू नका, आणि जाड असेल तर घासू नका. बेअरिंग बदला. 6302 नंबरच्या बेअरिंगचं माप आत 15, बाहेर 42 मिलिमीटर. 6004 चं आत 20, बाहेर तेच 42. जाडी मात्र 13 ऐवजी 12, म्हणजे एक मिलिमीटर कॉलरमध्ये भरून काढायचा. 6004 ची भार पेलायची ताकद थोडी कमी असते, हे ट्रिपल सीट बसवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. दोन बेअरिंगच्या मधली नळी हरवली असेल तर तशीच नवी काढून घ्या. नळी नसेल तर नट आवळताच चाक जड फिरतं आणि बेअरिंग लवकर जातं.

पुढच्या ब्रेक प्लेटची खाच शॉकअपवरच्या खुंटीत अडकलीच पाहिजे. नाही अडकली तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते, चाक लॉक होतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. बाकी चुका पैसे खातात, ही जीव घेते.

टायर जाडजूड दिसावा म्हणून जुन्या 1.85 इंची रिमवर 130 मिलिमीटर रुंदीचा टायर चढवला तर तो कडेनं आवळला जातो आणि वळणावर गाडी डळमळते. नव्यानं भरलेल्या चाकाचं स्पोकचं टोक निपलबाहेर (रिममधल्या स्पोकच्या नटाबाहेर) राहिलं असेल तर घासा, रिम टेप लावा. नाहीतर ट्यूब त्यानंच पंक्चर होते आणि बाभळीच्या काट्याला नुसता दोष. दोनशे-अडीचशे किलोमीटरनंतर आउट (चाकाचा वाकडेपणा) परत काढून घ्या.

रोज पांदण रस्त्यानं वावरात जाणाऱ्यानं जाड टायरचा नाद करूच नये. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक फिरत नाही. तिथं जुनं 19 इंची बारीक चाकच बरं. 3.25-19 मापाच्या टायरच्या जागी 110/80-17 चा टाकला तर गाडी साधारण 20 मिलिमीटर खाली बसते, आणि पुढच्या चाकावरून चालणारं स्पीडोमीटर खऱ्या 60 च्या वेगाला 64 च्या आसपास दाखवतं.

कागदाचंही पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल अडवतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आधी आरटीओत विचारा. आणि जुनी चाकं भंगारात देऊ नका. 2021 च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी मिळते ती पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला.