या चुका टाळा: एअर रेग्युलेशन्सला ‘पाठांतराचा पेपर’ समजणाऱ्या पोरांसाठी

पायलट लायसन्सच्या लेखी परीक्षेतला हवाई नियमांचा पेपर, एअर रेग्युलेशन्स, म्हणजे सगळ्यात सोपा पेपर, पंधरा दिवस क्वेश्चन बँक घोकली की निघतो, हे कोल्हापुरात कुणी पसरवलं ते मला एकदा शोधून काढायचंय. दर बॅचला दोन-चार जण पहिल्याच दिवशी विचारतात, “सर, थिअरी राहू दे, एमसीक्यू कुठले करू तेवढं सांगा.” त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा असतो असंही नाही. सत्तर टक्क्यांना पास, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, पर्याय चार. पेपर निघतोही. मग गडी बेळगावला नाहीतर बारामतीला उड्डाण शिकायला जातो, तिथला इन्स्ट्रक्टर तोच प्रश्न जरा फिरवून विचारतो, आणि हा छताकडे बघत बसतो.

खालच्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत. क्रम माझ्या चिडीप्रमाणे लावलाय.

वाट कुणी द्यायची

“सर, सोपं आहे, रस्त्याच्या उलटं करायचं.” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण ते एकाच ठिकाणी खरं आहे. समोरासमोर आलात तर दोन्ही विमानांनी उजवीकडे वळायचं. रस्त्यावर आपण डावीकडे दबतो. इथपर्यंत ठीक. पण मागून येऊन पुढे जायचं असेल तर विमानही उजवीकडूनच काढायचं, म्हणजे रस्त्यासारखंच. आणि दोन विमानांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. रस्त्याच्या कायद्यातही चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची असते. दाभोळकर कॉर्नरला ज्याचा हॉर्न मोठा त्याला वाट मिळते, हा भाग वेगळा. आमच्या पोरांनी ड्रायव्हिंग तिथे शिकलेलं, त्यामुळे कायद्यातला रस्ता आणि डोळ्यांसमोरचा रस्ता यांतला फरकच त्यांना माहीत नसतो. मग “उलटं” कशाच्या उलटं?

मी वर्गात दोन पेनं टेबलावर ठेवतो आणि तीन प्रश्न याच क्रमाने विचारायला लावतो: मागून येतोय का? समोरून येतोय का? नाहीतर कडेने येतोय. मागून म्हणजे किती मागून, तर पुढच्या विमानाच्या मधल्या रेषेशी ७० अंशांपेक्षा कमी कोन करून. हा ७० आकडा पोरं वेगळा पाठ करतात आणि शेपटीच्या पांढऱ्या दिव्याचे १४० अंश वेगळे पाठ करतात. अरे, १४० चे निम्मे ७०! त्या टप्प्यात असलात तर पुढच्याचा फक्त पांढरा दिवा दिसेल, लाल किंवा हिरवा दिसणार नाही. तेवढ्यावरून कळलं पाहिजे की तुम्ही ओव्हरटेक करताय आणि सगळी जबाबदारी तुमची आहे.

कडेने येणाऱ्याचंही दिव्यांवरूनच ठरवा. डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, प्रत्येकी ११० अंश. तुमच्या उजवीकडून आडवा जाणारा तुम्हाला त्याची डावी बाजू दाखवतो, म्हणजे लाल. लाल दिसला की तुम्ही वाट द्यायची. हिरवा दिसला तर वाट तुमची. दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, आणि नजर त्याच्यावरून काढायची नाही. कारण वाट तुमची असली तरी टक्कर टाळण्याची जबाबदारी दोघांवर राहतेच. हे शेवटचं वाक्य क्वेश्चन बँकेत नसतं, म्हणून कुणाला माहीत नसतं.

बाकी क्रम तोंडपाठ हवाच: इंजिनाच्या विमानाने एअरशिप, ग्लायडर आणि बलूनला वाट द्यायची, एअरशिपने ग्लायडर आणि बलूनला, ग्लायडरने बलूनला. लँडिंगला येणाऱ्यांत जो खाली असेल त्याचा हक्क आधी. पण त्याचा फायदा घेऊन खाली सूर मारून दुसऱ्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. नियमात हे स्पष्ट लिहिलंय, आणि नियमांचा अर्धा भाग वाचून थांबणाऱ्यांसाठीच लिहिलं असावं असं मला वाटतं.

यूटीसी: साडेपाच तासांचा घोळ

यूटीसी म्हणजे विमानजगताची एकच जागतिक वेळ, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. ही माझी आवडती चूक, म्हणजे खूप राग येणारी.

इचलकरंजीचा एक पोरगा माझ्याकडे शिकून गेला. हुशार, गणितात पक्का, घाई मात्र नको तेवढी. सोलो क्रॉस-कंट्रीला (एकट्याने एका विमानतळावरून दुसरीकडे) निघाला होता एका छोट्या धावपट्टीकडे, जिथे टॉवर नाही. नोटॅम (विमानतळाबद्दल वैमानिकांसाठी काढलेली सूचना) वाचला होता. नाही वाचला असं नाही. धावपट्टी बंद, वेळ ०३३० ते ०६३०. पठ्ठ्याने मनात म्हटलं, पहाटे साडेतीन ते साडेसहा, आपण तर नऊनंतर पोचणार. कागदावर सही करणाऱ्यानेही तेच वाचलं असणार, कारण सही झाली. हा साडेनऊच्या सुमारास तिथे पोचला तर धावपट्टीवर रोलर, ट्रॅक्टर आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेली माणसं. ०३३० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे नऊ. ०६३० म्हणजे दुपारचे बारा. तो ऐन काम चालू असताना पोचला होता.

नशीब, पेट्रोल परतीपुरतं धरून चालला होता. वरून दोन घिरट्या घातल्या, खालच्या माणसांनी कौतुकाने हात हलवले, आणि हा परत. क्रॉस-कंट्रीत ठरलेलं लँडिंग झालं नाही, म्हणून ते उड्डाण त्या कामाचं राहिलं नाही. पैसे मात्र तासाप्रमाणे गेले. इन्स्ट्रक्टरने पुढचे काही दिवस विमानाला हात लावू दिला नाही ते वेगळंच. दिवाळीला घरी आला तेव्हा हसत हसत सांगत होता. मला काही हसू आलं नाही. टॉवर नसलेल्या ठिकाणी उतरायच्या आधी वरून धावपट्टी बघायची सवय त्याला होती म्हणून गोष्ट हसण्यावारी गेली.

नोटॅममधला तो दहा आकड्यांचा गठ्ठा नीट फोडायला शिका: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटं. २५०११४०३३० म्हणजे २०२५, जानेवारी, १४ तारीख, ०३३०. सगळं यूटीसी. आपली वेळ पहाटे साडेपाचच्या आत असेल तर यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते, हे तर वर्गात तीनदा सांगूनही चौथ्यांदा चुकतं.

आता पोरांनी यूट्यूबवरून उचललेला शॉर्टकट: काट्यांचं घड्याळ उलटं धरा, भारतीय वेळेची यूटीसी होते. होते, खरंच होते. नऊ वाजता उलटं धरलं तर काटे साडेतीनच्या जवळपास दिसतात. पण तासकाटा नेमका तीनवर, त्यामुळे अडीच की साडेतीन हे पुन्हा डोक्यानेच ठरवायचं. शिवाय सकाळ की संध्याकाळ आणि तारीख कुठली, हे घड्याळ सांगत नाही. मी काय करतो ते सांगतो. स्वस्तातलं दुसरं घड्याळ घेऊन ते यूटीसीवर लावून ठेवतो, आणि छापील नोटॅमवर प्रत्येक वेळेशेजारी लाल पेनने भारतीय वेळ आणि तारीख लिहितो. डोक्यात वजाबाकी करत नाही. पोरं म्हणतात, “सर, एवढं कोण करतंय?” जो रोलर बघून परत येत नाही तो करतो.

‘जे जास्त असेल ते’

व्हीएफआरचे (बाहेर नजरेने बघून उडण्याच्या नियमांचे) किमान आकडे सगळ्यांना येतात: १०,००० फुटांखाली दृश्यमानता ५ किलोमीटर, १०,००० आणि वर ८. ढगापासून आडवं १,५०० मीटर, उभं १,००० फूट. मग खालचा पट्टा येतो, जिथे अनियंत्रित क्षेत्रात (म्हणजे एटीसीचं, हवाई वाहतूक नियंत्रकांचं, नियंत्रण नसलेल्या भागात) ढगाबाहेर राहणं आणि जमीन दिसणं पुरतं. तो पट्टा कुठपर्यंत? सगळे एका सुरात: “३,००० फूट!” वाक्य तिथे संपत नाही. समुद्रसपाटीपासून ३,००० फूट किंवा जमिनीपासून १,००० फूट, जे जास्त असेल ते.

आपला कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा विमानतळ सुमारे २,००० फुटांवर. त्याचं स्वतःचं नियंत्रित क्षेत्र उदाहरणापुरतं बाजूला ठेवा. इथे दोन्ही मोजमापं साधारण ३,००० वर येऊन मिळतात, म्हणून कोल्हापूरच्या पोराला फरक दिसतच नाही. पन्हाळ्याकडे वळा. गड स्वतःच ३,००० फुटांच्या आसपास, म्हणजे तिथे पट्टा ४,००० पर्यंत जातो. घाट उतरून रत्नागिरीकडे गेलात तर जमीन समुद्रालगत, तिथे ३,००० हाच मोठा आकडा. एकाच उड्डाणात उत्तर दोनदा बदललं. आणि विमानतळाच्या कंट्रोल झोनमध्ये गोष्ट आणखी वेगळी: एटीसीने खास परवानगी दिल्याशिवाय जमिनीवरची दृश्यमानता ५ किलोमीटर आणि ढगाचं छत १,५०० फूट हवंच. जुलैत जोतिबाचा डोंगर दिसेनासा झाला की पोरं विचारतात, “ढगाखालून जाता येईल की?” नका जाऊ. नियम बसवून दाखवलात तरी नका जाऊ.

अल्टिमीटरचा (उंचीमापकाचा) घोळ याच उंचीतून येतो. क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं सेटिंग) लावून उजळाईवाडीत उभे असाल तर काटा २,००० च्या आसपास दाखवणार, शून्य नाही, शून्य क्यूएफईवर (विमानतळापासूनची उंची दाखवणारं सेटिंग). जमिनीपासून १,००० फुटांचं सर्किट (विमानतळाभोवतीची फेरी) म्हणजे क्यूएनएचवर ३,०००. एकाने उत्तरपत्रिकेत १,००० लिहून विमान जमिनीच्या हजार फूट खालून फिरवलं होतं.

लेव्हल ट्रॅकवरून, नाकावरून नव्हे

३,००० फुटांच्या वर व्हीएफआर लेव्हल (उडायची उंची) चुंबकीय ट्रॅकवरून, म्हणजे विमान जमिनीवरून ज्या दिशेने सरकतं तिच्यावरून ठरते: ००० ते १७९ अंश विषम हजार अधिक ५००, १८० ते ३५९ सम हजार अधिक ५००. कोल्हापूरहून पुण्याचा ट्रॅक साधारण ३५०. म्हणजे ६५ किंवा ८५ (६,५०० किंवा ८,५०० फूट). पूर्वेचा वारा जोरात असला की नाक ००२ वर येतं, आणि हेडिंगकडे (नाकाच्या दिशेकडे) बघणारा विद्यार्थी ५५ किंवा ७५ निवडतो. त्याच लेव्हलवर पुण्याहून इकडे येणारा समोर असतो. उत्तर-दक्षिण प्रवासात हा सापळा हमखास, आणि आपल्याकडचा निम्मा प्रवास उत्तर-दक्षिणच.

बाकीच्या, पटापट

“रॉजर” (ऐकलं) म्हणजे रीडबॅक (एटीसीचे शब्द परत म्हणणं) नव्हे. लेव्हल, हेडिंग, धावपट्टी, अल्टिमीटर सेटिंग, स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड), सगळं परत म्हणायचं. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली. १५,००० फुटांची मंजुरी असलेलं विमान त्याखाली उतरलं होतं.

टॉवर विमानांना दाखवतो त्या इशाऱ्याच्या दिव्यांत स्थिर आणि लुकलुकणारा यांची अदलाबदल होते. हवेत स्थिर हिरवा म्हणजे उतरा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या. जमिनीवर तेच रंग वेगळं बोलतात, स्थिर हिरव्याला टेक-ऑफ आणि लुकलुकत्याला टॅक्सी. दोन वेगळे तक्ते करा, एकाच तक्त्यात कोंबू नका.

स्क्वॉकचे ७५००, ७६००, ७७००: अपहरण, रेडिओ बंद, संकट. यात गोंधळ घालणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा करतो.

दारू आणि उड्डाण यांत ठेवायचे आठ तास अमेरिकेचे. आपल्याकडे बारा, एअरक्राफ्ट रूल्सचा नियम २४. आणि श्वासचाचणीत शून्यच लागतं; २०२३ पासून तर अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. अमेरिकी व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्यांची इतरही उत्तरं अशीच तिकडच्या १८,००० फुटांच्या ट्रान्झिशनसारखी (ज्या उंचीवर अल्टिमीटर प्रमाण दाबावर लावतात) तरंगत असतात.

स्टुडंट पायलट लायसन्सवर मित्राला, बहिणीला, कुणालाही बसवता येत नाही. फक्त व्हीएफआर, फक्त भारतात, इन्स्ट्रक्टरच्या अधिकाराखाली. दहा तास सोलो आणि रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) पास झाल्याशिवाय क्रॉस-कंट्री नाही. “आधी उडू, मग पेपर बघू” म्हणणारे इथे अडकतात, आणि अडकलेलेच बरे.

रील. एअरक्राफ्ट रूल्सचा नियम १३ वाचा. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय फोटो नाही. लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळाजवळ तर मोबाईल पिशवीतच राहू दे.

जुन्या नोट्स. मोठ्या भावाच्या झेरॉक्सवर १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्ट असतो. १ जानेवारी २०२५ पासून त्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला. एअरक्राफ्ट रूल्स मात्र १९३७ चे, सुधारत सुधारत आलेले. आपल्या १९३९ च्या विमानतळाहून दोन वर्षांनी थोरले. २०२३ च्या सुधारणेत सीपीएलची (कमर्शियल पायलट लायसन्सची) मुदत पाचाची दहा वर्षं झाली, आणि विमानतळाभोवतीच्या दिवे व लेसरच्या नियमाचा पल्ला ५ किलोमीटरवरून ५ नॉटिकल मैल झाला. उजळाईवाडीपासून तेवढं वर्तुळ काढा. कोल्हापूर शहराचा बराच भाग आत येतो. गणपतीच्या मिरवणुकीत लेसर लावणाऱ्या मंडळात असाल तर तेही वाचा.

लॉगबुक शाईने लिहायचं आणि त्याच दिवशी. महिनाअखेर आठवून लिहिलेले तास मला तरी खरे वाटत नाहीत. आणि तास चाकं सुटल्यापासून मोजू नका: टेक-ऑफसाठी विमान पहिल्यांदा हलल्यापासून उड्डाणानंतर ते पूर्ण थांबेपर्यंत, टॅक्सी धरून.