रूपांतरित खडक कसा ओळखायचा

रत्नागिरीकडून आलात तर डोळ्यांना काळा बेसॉल्ट आणि जांभा यांचीच सवय असणार. जांभा लगेच बाजूला ठेवा. तो हवापाण्याने झिजून बनतो, रूपांतराने, म्हणजे खोलवरच्या उष्णता-दाबाने, नाही. माझ्या वर्गातली पोरं तरी दरवर्षी तोच पिशवीभर आणतात! रूपांतरित खडक शोधायचे तर आपलं काम सिंधुदुर्गात.

दगड फोडून ताजा भाग बघा. आधी पापुद्रे किंवा पट्टे शोधा. जमिनीत खोलवर, साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे, दगड न वितळताच आतली खनिजं नव्याने वाढतात. दाब एका दिशेने जास्त असेल तर अभ्रकासारखी चपटी खनिजं त्या दाबाशी काटकोनात रचली जातात. अशाने चिखलाच्या खडकाचा पाटीचा दगड (स्लेट) होतो, मग फायलाइट, मग चमचमता शिस्ट, शेवटी फिक्या-गडद पट्ट्यांचा नाईस.

पट्टे नसतील तर चाकू काढा. संगमरवर म्हणजे मूळचा चुनखडक. तो सहज ओरखडतो, भुकटीवर व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात. क्वार्टझाइट म्हणजे मूळचा वालुकाश्म; त्यावर मात्र पातंच झिजतं. वालुकाश्माशी गल्लत वाटली तर भिंग लावा: वालुकाश्म कणांच्या कडेने फुटतो, क्वार्टझाइट कण चिरत.

रेडीला लोहखनिजाच्या पट्ट्यात जरा जपून. तिथल्या हेमॅटाइट-क्वार्टझाइटलाही (हेमॅटाइट म्हणजे एक लोहखनिज) पट्टे असतात, पण ते मुळात थर साचतानाचे. त्याला नाईस म्हणू नका. हातात जड लागतो, आणि गडद पट्टा बिनचकाकीच्या फरशीवर घासला की तांबडी रेघ उमटते.