केनियाहून झांझिबार: यलो फीवरचं कार्ड कधी आणि कसं काढावं

कोविडचे आरटीपीसीआर अहवाल आता कोणी मागत नाही, त्यामुळे ‘केनियातलं मसाई मारा अभयारण्य आणि मग टांझानियातलं झांझिबार बेट’ अशी सहल ठरवताना आरोग्याचे कागद पार विसरले जातात. यलो फीवर म्हणजे डासांमुळे पसरणारा पीतज्वर; त्याची लस घेतल्याचा दाखला असलेलं पिवळं कार्ड मात्र आजही लागतं. भारतातून थेट आलेल्या प्रवाशाला केनिया ते सक्तीचं करत नाही, आणि फसगत होते ती इथेच. केनियात यलो फीवरचा धोका आहे, म्हणून तिथून झांझिबारला उतरताना कार्ड दाखवावं लागतं. मुंबईत परतताना तर हमखास विचारतात. डेंगी पसरवणारा आपल्याकडचा एडिस डास हा विषाणूही पसरवू शकतो, त्यामुळे भारताचे नियम कडक आहेत. कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

कार्ड वैध होतं लस घेतल्यापासून १० दिवसांनी. १ जुलैला लस घेतली तर ११ जुलैपासून. झांझिबारच्या तारखेवरून मागे मोजलं तरी कागदोपत्री चालेल, पण डास चावणार केनियात. म्हणून भारत सोडण्याच्या तारखेवरूनच मोजा, आणि महिनाभर आधी सुरुवात करा. कारण लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते: मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन, पुण्यात एएफएमसी (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय), गोव्यात मुरगाव बंदर. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की ६ तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी, माणसं जमवूनच लस देतात. आधी वेळ घ्या. मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्सवर भागेल असं धरून चालू नका.

एकच डोस, ०.५ मिली. ११ जुलै २०१६ पासून कार्ड आयुष्यभर चालतं, त्यामुळे जुन्या कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गर्भारपण, ९ महिन्यांखालचं बाळ यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या साठीच्या पुढच्यांनीही विचारायला हवं, कारण या वयात गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. आजी-आजोबांना घेऊन सहल असेल तर तिकिटं काढण्यापूर्वीच हे विचारा. लस न घेण्याबद्दल डॉक्टरांचं सवलतपत्र मिळतं, पण ती हमी नव्हे. उतरल्यावर अधिकारी तरीही थांबवून ठेवू शकतात. गोवर किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी घ्या, नाहीतर ४ आठवड्यांचं अंतर ठेवा.

कार्ड हातात आलं की केंद्राच्या दारातच तपासा. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे हवी, लसीच्या तारखेतला महिना अक्षरांत हवा, लसीचा उत्पादक आणि बॅच क्रमांक हवा, केंद्राचा शिक्का हवा आणि डॉक्टरांची स्वतःच्या हातची सहीही हवी. नुसता शिक्का सहीच्या जागी चालत नाही. खाडाखोड किंवा रिकामा रकाना असेल तर कार्ड नाकारलं जाऊ शकतं, तेव्हा नवंच लिहून मागा. संकोच करू नका. कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाईलमधला फोटो हरवल्यावर उपयोगी पडतो, विमानतळावरच्या तपासणीच्या खिडकीवर नव्हे.

मसाई मारा वगळून फक्त केनियाची राजधानी नैरोबीत विमान बदलणार असाल तरी थांबा मोजा. टांझानिया धोक्याच्या देशातला १२ तासांपेक्षा जास्त थांबा मोजते, म्हणून जोडविमान १२ तासांच्या आतलं घ्या. परतीच्या वाटेवर मात्र नैरोबीत विमानतळाबाहेर पाय टाकलात तर भारताच्या लेखी तुम्ही केनियातून आलात. नैरोबीहून मॉरिशस, सेशेल्स किंवा मालदीवला जाणाऱ्यांनाही हेच कार्ड लागतं.

झांझिबारचा एक वेगळा खर्च धरा: १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पर्यटकाला झांझिबार इन्शुरन्स कॉर्पोरेशनचा विमा सक्तीचा आहे, प्रौढाला ४४ डॉलर. भारतात काढलेली प्रवास पॉलिसी त्याऐवजी चालत नाही. तो निघण्यापूर्वी ऑनलाइन भरून पावतीची छापील प्रत कार्डासोबत ठेवा.