‘कौन्सिलवर निवडून आले’ असे लिहिताय? आधी या चुका टाळा

पुण्यातल्या शाळांच्या, वाचनालयांच्या आणि घराण्यांच्या स्मरणिकांमध्ये एक वाक्य हमखास सापडते: ‘अमुक साली ते मुंबई कौन्सिलवर निवडून आले.’ माणूस बहुधा खरा असतो, सालही जवळपास बरोबर असते. घोळ होतो तो ‘निवडून आले’ या शब्दांत. मुंबई प्रांताच्या कायदेकौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, शिरण्याची वाट 1861, 1892, 1909, 1919 आणि 1935 अशी पाच कायद्यांनी बदलत गेली. साल ठरले की कायदा ठरतो. मत कोणी दिले, किंवा मुळात मतदान झाले का, हे त्या कायद्यावरूनच कळते. म्हणून क्रियापद शेवटी लिहावे.

1892 च्या आधी कोणालाही ‘निवडून’ आणू नका

1861 च्या कायद्याने गव्हर्नरच्या कार्यकारी कौन्सिलला (कारभार चालवणाऱ्या मंडळाला) फक्त कायदे करण्यापुरते ‘जादा सभासद’ जोडले. ॲडव्होकेट जनरल (सरकारचा मुख्य वकील) धरून नव्हे, त्याच्याखेरीज किमान 4 आणि जास्तीत जास्त 8. यातले निम्मे तरी सरकारी नोकरीत नसलेले हवेत, एवढीच अट. मुदत दोन वर्षे, नेमणूक गव्हर्नरची. पहिली बैठक 22 जानेवारी 1862 रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. जगन्नाथ शंकरशेट या कौन्सिलात आले ते नेमणुकीने. न्यायमूर्ती रानडे 1885 मध्ये आले तेही नेमणुकीनेच. अशा ठिकाणी ‘नियुक्त झाले’ एवढेच लिहावे. त्याने कोणाचा मान कमी होत नाही.

इथेच दुसरी चूक होते. ‘बिनसरकारी’ म्हणजे हिंदी माणूस, असे गृहीत धरले जाते. बिनसरकारी म्हणजे सरकारी नोकर नसलेला, इतकेच. मुंबईतला युरोपीय व्यापारीही बिनसरकारीच होता. आणि कार्यकारी कौन्सिलचा सभासद निराळा, कायद्यासाठी जोडलेला जादा सभासद निराळा. दोघांनाही ‘कौन्सिलर’ म्हणून मोकळे होऊ नका.

1892 चा कायदा: सर्वांत जास्त गफलत इथे

या कायद्याने मुंबईच्या जादा सभासदांची संख्या 8 ते 20 केली. कायद्याच्या मजकुरात निवडणुकीचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. नियमांनी मात्र काही संस्थांना नाव सुचवण्याचा हक्क दिला: मुंबईची महापालिका, विद्यापीठाची सीनेट, व्यापाऱ्यांची चेंबर, दख्खनचे सरदार, सिंधचे जमीनदार आणि नगरपालिका व लोकल बोर्डांचे (ग्रामीण भागातील स्थानिक मंडळांचे) विभागवार गट. संस्थेने मतदान करून नाव ठरवायचे, ते शिफारस म्हणून गव्हर्नरकडे जायचे, गव्हर्नरने नेमणूक करायची आणि सरकारी गॅझेटमध्ये ती जाहीर व्हायची. व्यवहारात ही निवडणूकच होती, कागदावर नेमणूक. दोन्ही बाजू सांगितल्या नाहीत तर वाचकाला अर्धेच कळते.

टिळकांचे उदाहरण घ्या. 1895 मध्ये ते कौन्सिलवर गेले. ‘पुण्यातून निवडून आले’ हे वाक्य सर्रास दिसते आणि ते चूक आहे. त्यांची जागा मध्य विभागातील लोकल बोर्डांची होती. मध्य विभागात पुण्याबरोबर सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक आणि खानदेश येत. मत होते ते लोकल बोर्डांच्या वर्तुळापुरते. शनिवार किंवा सदाशिव पेठेतल्या सामान्य रहिवाशाला या जागेसाठी मत नव्हतेच. ‘पुणेकरांनी टिळकांना निवडून दिले’ असे लिहिले की 1895 सालच्या पुण्याला नसलेला मताधिकार आपण बहाल करतो, आणि पुढची पंचवीस वर्षे लोक कशासाठी झगडत होते तेच पुसले जाते.

सालाचा गोंधळही याच प्रक्रियेतून येतो. एका पुस्तकात 1899 आणि दुसऱ्यात 1900 दिसले तर लगेच एकाला खोटे ठरवू नका. मतदान, गॅझेटमधली नेमणूक आणि पहिली बैठक या तीन तारखा वेगळ्या असतात आणि डिसेंबरच्या आसपास मतदान झाले की साल उलटते. गोखल्यांबाबत हे दोनदा घडते. मुंबई कौन्सिलसाठी त्यांची निवड 1899 च्या अखेरीची, काम 1900 पासूनचे. मग 1901 मध्ये मुंबई कौन्सिलच्या बिनसरकारी सभासदांनी त्यांना व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलासाठी निवडले आणि तिथले त्यांचे गाजलेले पहिले अंदाजपत्रकी भाषण 26 मार्च 1902 चे. तिन्ही तारखा मिळाल्या नाहीत, तर जी मिळाली ती कशाची हे लिहा.

बैठक पुण्यात भरली म्हणून सभासद पुण्याचा ठरत नाही

पावसाळ्यात सरकारचा मुक्काम पुण्याला असे. गव्हर्नर गणेशखिंडीच्या बंगल्यात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत राहत आणि कौन्सिलच्या बैठका कॅम्पातल्या कौन्सिल हॉलमध्ये होत. कामकाजाच्या छापील अहवालात आरंभीच ठिकाण, तारीख आणि हजर सभासदांची यादी असते. ठिकाण ‘पूना’ दिसले की यादीतली सारी मंडळी पुण्याच्या खात्यावर टाकली जातात. यादीतून तो सभासद त्या दिवशी हजर होता एवढेच सिद्ध होते. तो कोणाचा प्रतिनिधी हे नेमणुकीच्या अधिसूचनेत पाहावे. ‘ना.’ म्हणजे नामदार या उपपदावरही विसंबू नये. ते प्रांतिक आणि व्हाइसरॉयच्या, दोन्ही कौन्सिलांच्या सभासदांना लागत असे.

1909 आणि 1919 एकत्र करू नका

1909 च्या मोर्ले-मिंटो कायद्याने मुंबईत जादा सभासदांची कमाल संख्या 50 वर नेली आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे फक्त मुसलमानच मत देतील असे मतदारसंघ, आणले. मुंबईत बहुमत बिनसरकारी सभासदांचे झाले, पण निवडून आलेल्यांचे नाही. नियुक्त बिनसरकारी धरूनच ते बहुमत होते. ‘1909 पासून लोकनियुक्त बहुमत’ हे विधान म्हणूनच टिकत नाही.

थेट आणि बऱ्यापैकी रुंद मतदान आले ते 1919 च्या कायद्याने. मुंबईसाठी कायद्याच्या परिशिष्टात 111 सभासद, त्यात किमान 70 टक्के निवडलेले आणि सरकारी अधिकारी 20 टक्क्यांहून जास्त नाहीत. मुदत तीन वर्षे. मताचा हक्क जमिनीचा सारा, घरभाडे, प्राप्तिकर अशा पात्रतांवर होता, त्यामुळे ‘सर्वांना मत मिळाले’ असे लिहू नये. स्त्रियांवरची बंदी उठवण्याचा निर्णय प्रांतांवर सोडला होता. मुंबई कौन्सिलने तो 1921 मध्ये घेतला. म्हणजे 1920 च्या पहिल्या निवडणुकीत स्त्रिया मतदार नव्हत्या. मराठा व तत्सम जातींसाठी 7 जागा राखीव होत्या, पण स्वतंत्र मतदारसंघ नव्हता. राखीव जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ एक समजणे ही चूक अभ्यासकांच्या लेखांतही आढळते.

1919 नंतरही नेमणुका बंद झाल्या नाहीत. डॉ. आंबेडकर मुंबई कौन्सिलवर आले ते 1926 च्या अखेरीस गव्हर्नरच्या नेमणुकीने. ते निवडून आले 1937 मध्ये, आणि तेही कौन्सिलवर नव्हे, मुंबई शहरातून विधानसभेवर. न. चिं. केळकरांना मुंबई कौन्सिलात बसवणारे मजकूरही सापडतात. 1923 मध्ये ते निवडून गेले ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेवर.

येरवड्याच्या कराराबद्दल

24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत दलितांच्या राखीव जागा 71 वरून 148 झाल्या. सिंध धरून मुंबईच्या वाट्याला 15 आल्या. संख्या पाठ असते, पद्धत विसरली जाते. आधी फक्त दलित मतदारांनी चार उमेदवारांचे मंडळ निवडायचे आणि मग त्या चौघांतून एकाला सर्वसाधारण मतदारांनी एकत्र मतदान करून निवडायचे. पहिली पायरी गाळली तर हा करार साध्या राखीव जागांचा वाटतो, आणि वाद नेमका कशावर होता ते समजत नाही. सिंध 1 एप्रिल 1936 ला वेगळा झाला, तेव्हा त्याआधीचे आणि नंतरचे मुंबईचे आकडे एका तक्त्यात भरू नका.

1937 नंतर कौन्सिल म्हणजे वरचे सभागृह

1935 च्या कायद्याने मुंबईला दोन सभागृहे मिळाली: 175 जागांची विधानसभा आणि 29 किंवा 30 सभासदांची कौन्सिल. 1930 चा ‘एम. एल. सी.’ (कौन्सिलचा सभासद) एकमेव सभागृहात बसत होता, 1938 चा वरच्या. आजच्या विधान परिषदेशी 1930 च्या सभासदाची तुलना करणे त्यामुळे गैरलागू आहे.

पडताळणीचा क्रम सोपा आहे. आधी साल आणि त्यावरून कायदा, मग जागेचे नाव, मग मुंबई सरकारच्या गॅझेटमधली अधिसूचना, शेवटी कामकाजाच्या अहवालातली हजेरी. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय या कामाला सोयीचे. केसरी आणि ज्ञानप्रकाशचे त्या महिन्यांतले अंक जोडीला ठेवावेत. वृत्तपत्र मतदानाची तारीख देते, गॅझेट नेमणुकीची. दोन्ही हाताशी असतील तर वाक्य असे लिहिता येते: ‘मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या शिफारशीवरून गव्हर्नरने त्यांना अमुक तारखेपासून दोन वर्षांसाठी नेमले.’